पटावरची पोरे गेली कुठे?



पूर्वी वाकडात पाय ठेवायला जागा नसे ती म्हातोबाच्या यात्रेला. आता रोजच नसते! भुमकर चौकापासून डांगे चौकापर्यंत मोटारींची रांग, कस्पटे वस्तीच्या अंगाला मजल्यावर मजले. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, शेजारी हिंजवडीचे आयटी पार्क उभे राहिले आणि जिथे ज्वारी-बाजरी पिकायची तिथे माणसांचे पीक आले. माणसे वाढली की पोरे वाढतात, पोरे वाढली की शाळा भरते. हे गणित चौथीतले पोरही सोडवील. मग राज्यभर मराठी शाळेचा पट खाली का येतो? पोरे गेली कुठे?

सरकारचे उत्तर तयार आहे : जन्मदर घटला. आम्ही ते खोटे म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुले निघाली. जपानात तर पोरांअभावी दरवर्षी शेकडो शाळांना कुलूप लागते. पण पाळणा थांबला म्हणूनच पट घटला असेल, तर रोज सकाळी वाकडच्या रस्त्यांवर इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या भरून वाहतात त्या कशाने? पाळणा काय फक्त मराठी शाळेपुरता थांबला?

खरी गोष्ट अशी की २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना दार सताड उघडले गेले. ज्याच्याकडे जागा आणि पैसा, त्याने शाळा काढावी. शाळा काढणे हा धर्म होता, त्याचा धंदा झाला. मोठ्या फीची पाटी झळकली आणि बिनफीची शाळा आपोआप 'गरिबांची' ठरली. मुंबईकडे पाहा. ज्या मुंबईसाठी १०६ हुतात्म्यांनी रक्त सांडले, तिथल्या महापालिकेच्या मराठी शाळा २०१० च्या सुमारास चारशेंवर होत्या. दहा-बारा वर्षांत त्या पावणेतीनशेंच्या घरात आल्या. मुंबई मिळाली, मुंबईतली शाळा चालली!

आता पट घटला की काय होते ते नीट समजून घ्या, कारण मेख तिथेच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन. म्हणजे ६१ वे पोर शाळा सोडून गेले की त्याच्या पाठोपाठ एक मास्तर जातो. उरलेल्या दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या. त्यातला एक माहिती भरायला नाहीतर निवडणुकीच्या कामाला. वर्गात मास्तर दिसत नाही म्हणून आणखी चार बाप आपली पोरे काढतात. पट आणखी घटतो, मास्तर आणखी घटतो. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने हा फास आणखी आवळला. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुले असतील तर तिथल्या शिक्षकांच्या पदांवरच गदा! आधी मास्तर काढायचा, मग म्हणायचे शाळा चालत नाही. पाय बांधून शर्यतीत उभे करायचे आणि वर हरला म्हणून हिणवायचे, ही कुठली रीत?

डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेंवर शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये 'समूह शाळे'चे परिपत्रक आले. तेव्हा सरकारनेच सांगितले की वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आहेत आणि त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ मुले शिकतात. पानशेत आणि तोरणमाळ यांचा दाखला देऊन म्हटले, शाळा एकत्र करू, गाडीने पोरे आणू, सोयी देऊ. सोयी द्या ना! नको कोण म्हणतो? पण पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की गाडी येईल का? सहा वर्षांची पोर डोंगर उतरून एकटी जाईल का? कायदा सांगतो, पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. हा कायदा पोरीच्या पायांकडे पाहून केलेला आहे, तिजोरीकडे पाहून नव्हे. शाळा लांब गेली की पहिली घरी बसते ती मुलगी.

खर्च परवडत नाही म्हणता? १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी हेच मांडले होते : सारा भरतो शेतकरी, आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाकडे. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. साहेब गेला, हिशेब तोच राहिला.

आणि आता वाकडकडे परत या. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या वाडीचा पट घटतो, कारण बापाच्या हाताला तिथे काम नाही. बाप बिऱ्हाड घेऊन आमच्याकडे बांधकामावर येतो. तिकडे पटावरून नाव गेले. इकडे पटावर नाव चढले का? पत्र्याच्या खोलीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली पोर कोणत्या शाळेच्या हजेरीत आहे? स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, हंगामी वसतिगृहे आहेत. पण ते कार्ड मुलाच्या हातात कोण देणार? 'कमी पट' म्हणून ज्या पोरांचा हिशेब मिटवला जातो, त्यांतली कित्येक आमच्या डोळ्यांसमोर वाळूच्या ढिगावर खेळत आहेत!

ही कीड वरपर्यंत गेली आहे. पट घटला म्हणून शिक्षक अतिरिक्त ठरले, अतिरिक्त ठरले म्हणून २०१२ पासून भरती वर्षानुवर्षे अडली. एकेकाळी ज्या डी. एड. महाविद्यालयांत प्रवेशासाठी वशिले लागत, ती ओस पडून बंद होऊ लागली. अकरावीचेही तेच. २०२५ साली राज्यभर वीस लाखांवर जागा होत्या, त्यांतल्या लाखो रिकाम्या राहिल्या. पाया खचला की माडी शाबूत राहत नाही.

पण बोट फक्त सरकारकडे दाखवून आम्ही सुटत नाही. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत लाखो खोटी नावे सापडली. ती लिहिणारे हात मराठीच होते. आणि इंग्रजीची भीती म्हणाल, तर पहिलीपासून इंग्रजी मराठी शाळांत २००० सालीच आली. ती आणणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आपल्याच पिंपरी-चिंचवडचे. तरी आम्ही पोर कुठे घातले? व्यासपीठावर मायमराठी, आणि घरी आल्यावर 'बाळा, पोएम म्हणून दाखव!' ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले. पहिलीपासूनच्या हिंदीविरुद्ध आम्ही उठलो आणि २९ जून २०२५ ला सरकारला निर्णय मागे घ्यावे लागले. जमले ना? मग तीच एकजूट शाळेसाठी का नको?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत :

१) ग्रामसभेची आणि पालकांची संमती नसेल तर एकही शाळा बंद होता कामा नये. शिक्षक पटावर न मोजता इयत्तेवर द्या.

२) विकास आराखड्यात शाळेसाठी राखलेल्या जागांवर शाळाच बांधा, आणि त्या महापालिकेच्या बांधा.

३) प्रत्येक बांधकामाच्या जागी मास्तर जाऊन पोरांची नावे लिहून घेवोत. पोराने शाळा शोधायची नाही, शाळेने पोराला शोधायचे.

४) आणि चौथी मागणी आमची आमच्याकडेच : यंदा जूनमध्ये आपल्या घरचे निदान एक नाव मराठी शाळेच्या पटावर चढवा. ज्याला ते जमणार नाही त्याने निदान वस्तीतल्या एका पोराचा हात धरून त्याला शाळेच्या दारापर्यंत न्यावे.

१ मे १९६० ला राज्य मिळाले ते नकाशावर रंग भरायला नव्हे. मराठी माणसाचे पोर मराठीत शिकून ताठ उभे राहावे म्हणून मिळाले. ज्या राज्यात राज्यभाषेचीच शाळा पोरांविना बंद पडते, त्या राज्याचा नकाशा घेऊन करायचे काय?

उठा! पट भरा! शाळा राखा!

जय महाराष्ट्र!