वर्गणीच्या पलीकडे

जालना जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात कोणास कर्करोग झाल्याचे निदान झाले, की दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडतात. घरातील कर्ती माणसे दागिने, बैलजोडी आणि जमिनीचा तुकडा यांची किंमत मनातल्या मनात करू लागतात. आणि पारावर वर्गणीची वही निघते. शिक्षक एका दिवसाचा पगार देतात, मोंढ्यातील अडते आकडा घालतात, पेरणीच्या दिवसांत शेजारी आपापली औते घेऊन इर्जिकीला येतात. या सद्भावनेविषयी शहरात बसून उणा शब्द काढण्याचा अधिकार आम्हांस नाही.

तथापि वर्गणी ओळखीच्या पायवाटेनेच चालते, हे कबूल केले पाहिजे. ज्याचा गोतावळा मोठा त्याची वही भरते. वर्षातील निम्मे महिने ऊसतोडीच्या फडावर काढणाऱ्या कुटुंबाची कोरी राहते. शिवाय पहिल्या महिन्यातील उत्साह चौथ्या महिन्यात उरत नाही, आणि हा रोग तर वर्षे मागतो. आम्ही शाळेत शिकवीत असता मदतीचा डबा वर्गावर्गांतून फिरविला आहे; ज्याच्यासाठी तो फिरे, तो मुलगा त्या दिवशी हमखास गैरहजर राही. त्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ उशिरा उमगला.

शस्त्रक्रियेचा व औषधांचा खर्च आज पूर्वीइतका निराधार राहिलेला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबास वर्षाकाठी 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि 2012 पासून छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. कुटुंब मोडते ते निराळ्याच ठिकाणी. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगावरील किरणोपचार बहुधा सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा, परंतु त्यासाठी मंठ्याच्या माणसाने रोज एसटीने जावयाचे की परक्या शहरात खोली घ्यावयाची? सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेच्या कागदावर दिसत नाही.

हे गाडगे महाराजांना फार पूर्वी दिसले होते. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या या पुरुषाने मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा उभी केली. आणि परळच्या टाटा रुग्णालयात येणारे कित्येक खेडूत आजही दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतात. टाटा रुग्णालयाची कथाही एका घराच्या दुःखापासूनच सुरू होते. 1931 साली मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पती दोराबजी पुढच्याच वर्षी निवर्तले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून 1941 साली ते रुग्णालय उघडले. इतकी संपत्ती कोणाजवळ असते, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु गाडगे महाराजांजवळ तर गाडग्याखेरीज काहीच नव्हते.

मदतीहून स्वस्त अशी एक वाटही मराठवाड्यातच चोखाळली गेली आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वर्षे वयाच्या 1,30,000 हून अधिक ग्रामीण स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. ज्या गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी केवळ एकदा करण्यात आली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. हे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. जगभरचे वैद्य त्यांचा दाखला देतात. आमच्या जिल्ह्यातील बहुतेक स्त्रियांना मात्र अशी चाचणी असते, हेही ठाऊक नाही. पुरुषांच्या बाबतीत तर गुटखा 2012 मध्येच राज्यात बंद झाला, आणि पुडी अजून सहज मिळते!

आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. किरणोपचार चालू असेतो जिल्ह्यातील रुग्णास व त्याच्या एका सोबत्यास उपचाराच्या शहरी राहण्याजेवण्याची सोय हक्काने मिळावी, पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर नव्हे. आणि गर्भाशयमुखाची व तोंडाची तपासणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर ठरल्या वारी, न मागता व्हावी. पोलाद आणि बियाणे यांवर नाव कमावलेल्या जालन्याच्या उद्योगपतींनी पहिल्या कामात हात घालावा. दुसरे मात्र सरकारचेच आहे. जिल्हा परिषदेच्या येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी काय तरतूद होते, ती आम्ही याच जागी छापणार आहोत.