जर्मनीतला रविवार

जर्मनीला निघालेल्या सोलापूरच्या मुलांच्या बॅगेत शेंगा चटणी आणि कडक भाकरी आठवणीने भरली जाते. तिथला रविवार कसा असतो, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. शनिवारी रात्री दुकानं बंद झाली की बहुतेक थेट सोमवारीच उघडतात. दूध संपलं, तर स्टेशनवरचं नाहीतर पेट्रोल पंपावरचं दुकान गाठायचं आणि जास्तीचे पैसे मोजायचे. १९१९च्या राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम तिथे आजही लागू आहे. त्या दिवशी भिंतीला ड्रिल लावलं, तर शेजारी दार वाजवणारच. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात झोपायची सवय असलेल्या मुलाला ही शांतता आधी खायला उठते. रिकाम्या बाटलीचा हिशेब त्याला चटकन कळतो: दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत. खरी अडचण माणसांची. न कळवता कुणाकडे जायचं नाही, आणि ‘जेवूनच जा’ असा आग्रहही होत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा जर्मन भाषेच्या शिकवणीवर भर दिला गेला, ते योग्यच. पण नर्सिंग शिकून गेलेली मुलगी पहिल्या हिवाळ्यात साडेचारलाच अंधारलेल्या खोलीत एकटी बसते, तेव्हा नुसतं व्याकरण तिला पुरत नाही. या शिकवणीत रोजच्या जगण्यासाठीही तास ठेवा, आणि ते तिथे दोन-तीन हिवाळे काढलेल्या आपल्याच मुलामुलींना घेऊ द्या.