घर पडलं तर १ लाख २० हजार, भिंत सावरायला ४ हजार : मातीची घरं नेमकं कोण पाडतंय?

खानापूर : जुलै उजाडला की आमच्या तालुक्यात बातम्यांचा एक ठरलेला साचा असतो. जांबोटी, कणकुंबी, नेरसे, हेमाडगा भागात पावसाचा जोर, मलप्रभेच्या पाण्यात वाढ, अमुक गावात घराची भिंत कोसळली, सुदैवाने जीवितहानी नाही. मीही वर्षानुवर्षे हेच लिहीत आलो. बातमीच्या शेवटी ‘कच्च्या मातीचे घर असल्याने’ हे चार शब्द आपोआप पडतात.

यंदा ते लिहिताना हात अडखळला. पडलेल्या घरातल्या आजी म्हणाल्या, “सासऱ्यांनी बांधलेलं घर. साठ पावसाळे काढले त्यानं. यंदाच माती कच्ची झाली काय?” उत्तर सुचलं नाही. म्हणून हा खटाटोप.

भिंत पडते कशी?

मातीच्या भिंतीचे शत्रू दोनच. वरून झिरपणारं पाणी आणि खालून चढणारी ओल. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. म्हणून खाली दगडी जोतं, वर उतरतं कौलारू छप्पर, भिंतीच्या दोन-तीन फूट पुढे आलेली वळचण, आणि मृगाच्या आधी कौलं चाळायचा नेम. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळाभर गवताचा आडोसा. माणसाला इरलं लागतं, तसं भिंतीलाही.

आता यातलं काय उरलं? माकडं कौलं फोडतात, कौलं चाळणारे गडी गोव्याला किंवा बेळगावला कामाला गेले. गावातला रस्ता दर काही वर्षांनी जुन्यावरच नवा काँक्रीट थर टाकून उंच होतो. गटार होतच नाही, झालं तर तुंबतं. एकेकाळी रस्त्यापेक्षा दोन फूट वर असलेलं जोतं आज रस्त्याच्या पातळीला, काही ठिकाणी खाली आहे. अंगणातलं पाणी थेट भिंतीच्या पायाशी मुरतं. त्यात कुणीतरी सल्ला देतो, सिमेंटचा गिलावा मारा, घर टिकेल. होतं उलटं. आत शिरलेली ओल सिमेंटमुळे बाहेर पडत नाही, माती आतल्या आत भिजते आणि एका रात्री गिलाव्यासकट भिंत खाली येते.

म्हणजे दोष मातीचा कमी, देखभालीचा आणि गटाराचा जास्त. पण पंचनाम्यात गटाराचा रकाना नसतो.

हिशेब काय सांगतो

मी कॉमर्सचा माणूस, आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. आपत्ती मदतीचे केंद्राचे २०२२ ते २०२६ साठीचे निकष बघा. सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये. अंशतः पडलं, म्हणजे किमान १५ टक्के नुकसान असेल, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. राज्य सरकारं आपल्या तिजोरीतून कधी यात भर घालतात. २०१९ च्या महापुरानंतर कर्नाटकाने पूर्ण पडलेल्या घरांना ५ लाख जाहीर केले होते. पण रचना तीच राहते.

याचा अर्थ घरमालकाला बरोबर कळतो. एक भिंत पडली, ती चांगली बांधून काढावी, तर ४ हजारांत गवंड्याची आठवड्याची मजुरीही सुटत नाही. तेच घर पूर्ण पडलं तर लाखभर. मग भिंत कोण सावरणार? ‘पडायचं तर सगळंच पडू दे’ ही चेष्टा नव्हे, सरळ हिशेब आहे.

दुसरी गंमत घरकुल योजनेची. ज्या २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवर प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण याद्या उभ्या राहिल्या, तिथे मातीची भिंत कच्ची, पण यंत्रावर बनलेलं मंगळुरी कौल पक्कं धरलं होतं. सिमेंटचा ॲस्बेस्टॉस पत्राही पक्का. योजनेला भिंत आणि छप्पर दोन्ही कच्चे हवेत. आमच्याकडची बहुतेक जुनी घरं मातीची भिंत आणि मंगळुरी कौल अशी. त्यामुळे घरकुल मागताना हे घर पुरेसं कच्चं नाही, आणि भिंत पडल्यावर मदत घेताना मात्र कच्चं!

पक्क्या घराचं आरोग्य

घरकुल मिळालं तरी किमान २५ चौरस मीटरचं घर आणि १ लाख २० हजार रुपये. म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, फुटाला सुमारे ४४६ रुपये. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे धरले तरी या पैशात धड स्लॅबचं घर होत नाही. मग भिंती पातळ, खिडक्या लहान, गिलावा अर्धा. एप्रिलमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत उष्णता सोडतो, म्हातारी माणसं अंगणात झोपतात. पावसाळ्यात स्लॅब पाझरतो, भिंतींना बुरशी, मुलांना खोकला. शेवटी स्लॅबवर पत्रे घालतात. म्हणजे एकाच घराला दोन छपरांचा खर्च.

ज्यांना स्लॅब परवडत नाही ते ॲस्बेस्टॉसचे पत्रे टाकतात. ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अख्खा पत्रा घरावर असतो तोवर धोका कमी, पण तो कापताना, फोडताना उडणारी धूळ फुफ्फुसात जाते. तरी कागदावर तो पक्का आणि दीड-दोन फुटांची गार भिंत कच्ची.

माती म्हणजे सगळं चांगलं, असंही नाही

नदीकाठच्या पूररेषेत साध्या मातीचं घर बांधू नयेच. पाणी दोन दिवस थांबलं तर ती भिंत टिकत नाही. वाळवीचा त्रास आहे. तालुक्याच्या पश्चिमेची तांबडी माती चांगली, पण बैलहोंगलकडची काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. ती चुन्याशिवाय वापरता येत नाही.

पण यावर उपाय निघालेले आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम चाललंय. मातीत साधारण ५ ते ८ टक्के सिमेंट मिसळून दाबयंत्रावर ठोकळे काढायचे, भाजायचे नाहीत, फक्त पाणी मारून मुरवायचे. भट्टी नाही, म्हणून लाकूडफाटा नाही. या ठोकळ्यांना भारतीय मानक आहे, आयएस १७२५. केंद्राच्या ग्रामविकास खात्याने स्थानिक साहित्याच्या घरांच्या नमुन्यांचं ‘पहल’ हे संकलनही काढलंय. गोव्यात आणि सिंधुदुर्गात चिऱ्याचं घर आजही प्रतिष्ठेचं आहे. चिरा म्हणजे तरी काय, जमिनीतून कापून काढलेला जांभाच. तिथे तो पक्का ठरतो, इथे तांबडी माती कच्ची ठरते.

विशेष म्हणजे खानापूर हे कुंभारकामाचं, विटा-कौलांचं गाव. खादी आयोगाची कुंभारकाम प्रशिक्षण संस्था इथेच आहे. माती ओळखणारे हात इथे आहेत, तेच हात आज बाहेरगावी सिमेंट कालवतायत.

मागायचं काय?

सीमेच्या अलीकडे कर्नाटक, पलीकडे चंदगड आणि गोवा. पाऊस एकच, आपत्ती मदतीचे केंद्राचे निकषही एकच. त्यामुळे हा प्रश्न एका तालुक्याचा नाही. पुढच्या ग्रामसभेत पीडीओंना, ग्रामसेवकांना तीन गोष्टी विचारता येतील. रस्त्याचा नवा थर टाकण्याआधी जुना उकरणार का, आणि गटार आधी करणार का? जोतं उंच करायला, छप्पर दुरुस्तीला पावसाळ्याआधी पैसे मिळतील का? मानकात बसणाऱ्या मातीच्या ठोकळ्यांनी घरकुल बांधलं तर इंजिनिअर हप्ता अडवणार नाहीत, हे लेखी देणार का? उत्तर कन्नडमध्ये आलं तर मराठी प्रतही मागा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना वाचता येईल.

आजींच्या घरात आता एका बाजूला ताडपत्री आहे. पंचनामा झाला, नुकसान ‘अंशतः’ लिहिलंय. उरलेल्या तीन भिंती अजून सरळ उभ्या आहेत.