सामानाजवळ कोण बसणार?

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की आमच्या घरात प्रवासाचे बेत भरू लागतात. काशीपासून काश्मीरपर्यंत कुठलाही बेत असो, सर्वांचे एकमत होऊन चहा येतो न येतो तोच एक प्रश्न उभा राहतो. तो भाड्याचा नसतो, रजेचाही नसतो. ‘तिथे उतरल्यावर सामानाजवळ कोण बसणार?’ हा तो प्रश्न. आणि आमच्या घरात तो विचारून पुरा होण्याआधीच माजघरातून उत्तर येते, ‘तुम्ही जाऊन या रे, मी बसते.’ हा आवाज आमच्या आईचा.

मागच्या नाताळच्या सुटीत आम्ही बोटीने गोव्याला जायचे ठरवले. पेण तालुक्यातल्या जित्यासारख्या गावी राहणाऱ्या माणसाने असे काही ठरवले की शेजारी प्रथम हसतात. ‘अहो, गोव्याचा हमरस्ता तुमच्या दारावरून जातो, रेल्वे मागच्या अंगाने जाते, आणि तुम्ही उलटे मुंबईला जाऊन बोटीत बसणार?’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण 2021 साली मुंबईहून पुन्हा प्रवासी जहाजे हिंडू लागल्यापासून आमच्या चिरंजिवांनी त्यांचा ध्यास घेतला होता, आणि आईनेही कधी नव्हे ते म्हटले, ‘बोटीने मात्र जाईन हो मी.’

आईचे माहेर जयगडच्या बाजूचे. तिच्या लहानपणी कोकणातून मुंबईला यायचे म्हणजे आगबोटीने. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसे व बोचकी तिच्यापर्यंत न्यावी लागत. वर चढले की ज्याने आधी वळकटी पसरली त्याची जागा. मग रात्र डेकवर काढून भाऊचा धक्का. आईच्या वडिलांनी तिला पत्र्याच्या ट्रंकेवर बसवले होते आणि बजावले होते, ‘यावरून उठायचं नाही.’ ती आठ वर्षांची होती. बाकीची भावंडे कठड्याशी उभी राहून उडते मासे पाहत होती. ‘मला त्यांच्या ओरडण्यावरून कळायचं, आता मासा उडाला म्हणून,’ असे तिने हसत सांगितले.

मी सहज विचारले, ‘आणि मग वेरूळला गेलो होतो तेव्हा गं?’

‘झाडाखाली होते की. सहा डाग होते आपले.’

‘काशीला?’

‘घाटाच्या पायरीवर. तुम्ही नावेतून आलात तेव्हा तुझे वडील म्हणाले, फार सुंदर दिसतं हो तिकडून.’

‘मुंबईचं म्युझियम?’

‘घुमट पाहिलाय. बाहेरून चार वेळा.’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाजाराचा हिशेब द्यावा तसे तिने सांगितले आणि ती वाती वळू लागली. मी मात्र गप्प झालो. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मी वीस वर्षे वर्गात शिकवतो आहे. कैलास लेण्याविषयी बोलू लागलो की तास संपल्याची घंटा मला ऐकू येत नाही. ते लेणे ज्या सहलीत मी पाहिले, त्या सहलीत माझी आई दोनशे पावलांवर सहा डाग मोजत बसली होती, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. सामान राखणाऱ्याने लिहिलेले प्रवासवर्णन मराठीत माझ्या तरी पाहण्यात नाही. लिहिणार काय बिचारा? त्याने पाहिलेले असते ते सामानच.

त्याच रात्री मी ठरवले की या खेपेला बेत सामानापासून आखायचा. प्रेक्षणीय स्थळांची यादी मागाहून.

बोटीच्या प्रवासात ही अडचण विशेष असते, ती का ते सांगतो. आगगाडी चुकली तर मागून दुसरी येते. बोट एकच. ती संध्याकाळी सुटणार असली तरी धक्क्यावर दुपारीच हजर व्हावे लागते, आणि सुटण्याच्या बरेच आधी तिचे दार बंद होते. शिवाय जित्यासारख्या ठिकाणाहून निघणाऱ्याला पोचण्याचा भरवसा नसल्याने तो पहाटेच निघतो. आमच्या स्टेशनावर थांबणाऱ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून पहाटेच्या एस.टी.ने पनवेल आणि तिथून लोकलने मुंबई असा आमचा मार्ग ठरला. पनवेलहून लोकल सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते आणि सामानालाही मिळते. तरी शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायला साडेआठ वाजणार आणि धक्क्यावर जायचे एक वाजता. मधले साडेचार तास आपल्या मालकीचे, पण हातात पाच बॅगा. परतीला याच्या उलट. बोट सकाळी लागते, दोन-तीन तासांत उतरायला लावतात, आणि आपली गाडी संध्याकाळची. म्हणजे दोन्ही टोकांना मुंबई पाहायला भरपूर वेळ असतो आणि दोन्ही टोकांना ती पाहता येत नाही.

पूर्वी याला एक नामी उपाय होता. प्रत्येक कोकणी माणसाची कुणीतरी मावशी गिरगावात असे. तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत कॉटखाली सामान सरकवले आणि पिठले-भात जेवला की माणूस मोकळा. आता त्या मावश्यांची मुले डोंबिवली-बदलापूरला गेली आणि आपले सामान उघड्यावर पडले. सायबाचे तसे नव्हते. 1928 साली फ्रंटियर मेल सुरू झाली तेव्हा बोटींच्या हंगामात ती थेट बॅलार्ड पिअरच्या धक्क्यालगतच्या स्टेशनातून सुटे. विलायतेहून आलेला साहेब बोटीतून उतरून गाडीत चढे. त्याच्या ट्रंकेवर कुणाला बसावे लागत नसे. त्याच बॅलार्ड पिअरवर 2025 च्या सप्टेंबरात नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. साहेब गेले आणि जागा आपल्याला मिळाली, तेव्हा त्यांची एखादी चांगली युक्तीही उचलायला हरकत नाही.

त्या जुन्या बोटींवर सामानाला तीन तऱ्हेच्या चिठ्ठ्या लावीत: एक ‘केबिनमध्ये’, दुसरी ‘प्रवासात लागेल’ आणि तिसरी ‘प्रवासात नको’. मी माजघरात तीन सतरंज्या अंथरल्या आणि सामानाचे तसे तीन ढीग करायला लावले. अंगाबरोबर ठेवायच्या पिशवीत ओळखपत्रे, तिकिटे, औषधे, चष्मा आणि एक जोडी कपडे. कारण मोठी बॅग धक्क्यावर एकदा चिठ्ठी लावून घेतली की ती खोलीच्या दाराशी येईपर्यंत कधी कधी संध्याकाळ होते. दुसरा ढीग त्या मोठ्या बॅगांचा. आणि ‘प्रवासात नको’ या ढिगात जे पडले ते घरीच ठेवले. त्यात माझे चार ग्रंथ होते, सौ.ची इस्त्री होती आणि चिरंजिवांचा क्रिकेटचा संच होता. पाच बॅगांच्या तीन झाल्या. आई बाजूला उभी राहून पाहत होती. म्हणाली, ‘माझ्यावर कुठली चिठ्ठी लावतोस?’

ती थट्टेत म्हणाली. पण मला त्या क्षणी आमच्याच तालुक्यातल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांची आठवण झाली. 1857 साली घराबाहेर पडलेला हा गरीब भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडला. वाटेत लुटला गेला, मिळवलेले द्रव्य गेले. तरी गंगेची कावड त्याने खांद्यावरून घरी आणली आणि आईबापांना गंगेचे स्नान घातले. ‘माझा प्रवास’ मी दरवर्षी शिकवतो. त्याने गंगा आईपर्यंत आणली. मी आईला गंगेपर्यंत नेले आणि पायरीवर बसवून ठेवले.

तर आमची स्वारी निघाली. स्टेशनावरच्या क्लोकरूमची चौकशी मी आधीच केली होती. वाचकांनीही ती करावी. बॅगेला कुलूप लागते, प्रवासाचे तिकीट पाहतात, आणि पावती हरवली तर पुढचा तास तिथेच जातो. खाण्याचे जिन्नस आत ठेवू नयेत. सोडवायला रांग असते, तिची अर्धी घटका आधीच हिशेबात धरावी. धक्क्यावर सामान लवकर घेतात का, हेही तिकीट काढतानाच विचारून ठेवावे. तसे झाले तर क्लोकरूमही नको.

दहानंतर म्युझियम उघडले आणि पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरची माझी आई त्या घुमटाखाली पहिल्यांदा आतून उभी राहिली. मला वाटले होते, ती मूर्तींकडे जाईल. ती गेली ते मधल्या दालनात, नाशिकच्या वाड्यातून आणून बसवलेल्या कोरीव लाकूडकामापाशी. मान वर करून पाहत राहिली. मग म्हणाली, ‘अरे, हे तर आपल्याकडचंच.’ मधूनच तिचा उजवा हात बाजूला जाई आणि काही न सापडून परत येई. ‘पावती आहे ना?’ असे तिने तीनदा विचारले. चौथ्यांदा विचारले नाही. तेव्हा ती मिरपूरखासच्या बुद्धासमोर होती.

साडेअकराला आम्ही निघालो. अजून अर्धे म्युझियम राहिले होते आणि चिरंजीव कुरकुरत होते. पण बोटीच्या बाबतीत मी वेळेची बेरीज करीत नाही, शेवटापासून वजाबाकी करतो. बोटीवर परतण्याची जी शेवटची वेळ सांगितली असेल तिच्यातून रांगेसाठी एक तास वजा. परतीचा रस्ता वजा. काही बिघडलेच तर म्हणून आणखी एक तास वजा. उरेल तेवढेच आपले. गोव्यात बोट मुरगावला लागते, पणजीला नव्हे. तिथून जुने गोवे, मंगेशी आणि शांतादुर्गा एका दिवसात उरकू पाहणारी मंडळी संध्याकाळी धक्क्यावर धावताना आम्ही पाहिली. 2022 च्या डिसेंबरापासून झुआरीचा नवा पूल टप्प्याटप्प्याने खुला झाला हे खरे, पण पुलाने रस्ता सुधारतो, माणसाची हाव नव्हे. आमची वजाबाकी सांगत होती, एकच ठिकाण. आईने मंगेशी म्हटले, आणि मंगेशी झाले. दीपमाळेपाशी ती निवांत वीस मिनिटे बसली. सामानाजवळ नव्हे, नुसतीच.

शेवटच्या रात्रीची एक सूचना विसरू नये. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. बोटीची माणसे त्या रातोरात घेऊन जातात. आमच्या चिरंजिवांनी आज्ञाधारकपणे सगळे कपडे बॅगेत भरले आणि सकाळी ते अर्ध्या चड्डीवर मुंबईत उतरले. आईने मात्र आपले एक लुगडे खुंटीला ठेवले होते. साठ वर्षे सामान सांभाळलेल्या माणसाला हे कुणी शिकवावे लागत नाही.

जित्याला परत आल्यावर रात्री मुलीने सगळ्यांना मोबाइलवर छायाचित्रे दाखवली. म्युझियममध्ये आई, डेकवर आई, दीपमाळेपाशी आई. मी स्वतःवर मोठा खूश होतो. आई पाहता पाहता थांबली आणि म्हणाली, ‘सूनबाई कुठे आहे रे यात?’

आम्ही पुन्हा पहिल्यापासून पाहिली. सौ. एकाही छायाचित्रात नव्हती. मंगेशीला आम्ही आत गेलो तेव्हा आठ चपला, दोन पिशव्या आणि आईची काठी घेऊन ती बाहेर बसली होती. ‘तुम्ही जाऊन या,’ असे ती म्हणाल्याचे मला आता आठवले. आम्ही गेलो होतो. आल्यावर तिला आत पाठवायचे राहून गेले, कारण वजाबाकीप्रमाणे निघायची वेळ झाली होती.

तेव्हापासून घरात एक कागद भिंतीला लावला आहे. त्यावर सर्वांची नावे आहेत आणि सामानाजवळ बसण्याच्या पाळ्या आहेत. अर्ध्या तासाची एक पाळी, मग बदली. हा अर्धा तासही वजाबाकीत आधीच धरायचा. पहिले नाव माझे आहे. सौ.चे नाव पुढच्या दोन प्रवासांत नाही. तो कागद आईने स्वतः लिहिला. स्वतःचे नाव तिने सर्वांत शेवटी घातले आणि पुढे कंसात लिहिले, ‘गरज पडल्यास’. मी तेवढे शब्द पेनने खोडून टाकले.