नोंदवही आणि तिची सूची

गेल्या पावसाळ्यात निपाणी परिसरातील एक वृद्ध बाई शाळेत आल्या. सारे आयुष्य विड्या वळण्यात गेलेले. वृद्धापवेतनासाठी वयाचा दाखला हवा होता. प्रवेशक्रमांक विचारताच म्हणाल्या, "गुरुजी, नाव सांगतो की, आकडा कुठला ठावं मला?" जनरल रजिस्टर क्रमांकाने लिहिलेले असते, माणूस मात्र स्वतःला नावानेच ओळखतो. पान पान चाळून नोंद सापडली खरी, परंतु तोवर दुपार टळली आणि बाईंची परतीची गाडी चुकली.

त्यानंतर जुन्या नोंदी संगणकावर उतरविण्याचे आम्ही मनावर घेतले. नाव, गाव, जन्मतारीख अशा खुणांच्या आत मजकूर बसविण्याच्या या पद्धतीस 'एक्सएमएल' म्हणतात. त्यातून हवे ते निवडून मांडण्यासाठी 'एक्सएसएलटी' ही भाषा आहे. तिची पहिली आवृत्ती १९९९ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तीतील 'फॉर-ईच' ही आज्ञा निवडलेल्या प्रत्येक नोंदीसाठी सांगितलेले काम पुन्हा पुन्हा करते.

गाववार यादी करताना आमची चूक ध्यानी आली. प्रत्येक विद्यार्थ्यापाशी थांबून 'याच्या गावचे आणखी कोण?' असे आम्ही साऱ्या नोंदवहीला विचारीत होतो. नोंदी हजार असतील, तर अशाने दहा लक्ष तुलना होतात! पान पान चाळण्याची आमची जुनी रीत आम्ही यंत्रालाही शिकविली होती.

यावर उपाय दोन. नोंद कोठे आहे हे ठाऊक असल्यास नेमकी वाट सांगावी. दोन तिरप्या रेघा देऊन 'कोठेही शोध' म्हटले, की सहसा सारे दप्तर उलथावे लागते. आणि वारंवार एकाच गोष्टीवरून शोधायचे असेल, तर 'की' या आज्ञेने एकदाच सूची बांधून घ्यावी. मग गावाचे नाव देताच तेथील नोंदी हाती येतात. अशा सूचीच्या आधारे गट पाडण्याची युक्ती स्टीव्ह म्युंच यांच्या नावाने ओळखली जाते. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र आज्ञाच आली.

आपल्या सीमाभागात एक दक्षता विशेष हवी. सूची अक्षराला अक्षर ताडून पाहते. 'बेळगाव', 'बेळगांव' आणि 'बेळगावी' ही तिच्या लेखी तीन गावे! तेव्हा लेखन आधी एकसारखे करून घ्यावे, नाहीतर असलेले माणूसही यादीतून गळते.

सूचीचे कष्ट एकदाच करावे लागतात. पण त्यामुळे बाकावर दाखल्याची वाट पाहत बसलेल्या पुढच्या कितीतरी माणसांची दुपार वाचते.