बिऱ्हाड पाठीवर, जबाबदारी वाऱ्यावर

लिनक्सच्या डेस्कटॉपवर एकच ॲप सगळ्या डिस्ट्रोंवर चालावं म्हणून आजघडीला तीन सार्वत्रिक उपाय हजर आहेत : ॲपइमेज, फ्लॅटपॅक आणि स्नॅप. सार्वत्रिक, आणि तेही तीन! या तिघांचे भक्त एकमेकांशी इतक्या तावातावाने भांडतात की मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. या पाकिटांच्या आत जे काही भरलंय, त्याला वाली कोण?

दुखणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. २०१४ साली पोर्टलंडच्या डेबकॉन्फमध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्सने भर सभेत डिस्ट्रोवाल्यांचे कान उपटले होते. स्कूबा डायव्हिंगच्या नोंदी ठेवणारं सबसरफेस नावाचं ॲप त्याने सुरू केलेलं. त्याची तक्रार अशी की विंडोज आणि मॅकसाठी आम्ही तयार फाइल देतो, लिनक्ससाठी देत नाही, कारण तो ताप नकोसा होतो. ज्याने कर्नल लिहिला त्याची ही गत, तर चार जणांच्या कंपनीने काय करावं? ग्लिबसी या सीच्या मूळ लायब्ररीचंच बघा : उबुंटूची वेगळी, डेबियन स्टेबलची जुनी, फेडोराची नवी. नव्या ग्लिबसीवर बांधलेली फाइल जुन्या मशीनवर नेली की ती सुरू व्हायलाच नकार देते.

मग तोडगा निघाला : लागणारं सगळं ॲपबरोबरच बांधून द्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. सायमन पीटरने २००४ मध्ये ‘क्लिक’ नावाने ही खटपट सुरू केली आणि तिचंच पुढे ॲपइमेज झालं. एक ॲप म्हणजे एक फाइल. उतरवा, चालवायची परवानगी द्या, डबल क्लिक करा. कल्पना सुंदर आहे आणि मला ती आजही आवडते, म्हणूनच तिची पुढची दुर्दशा जास्त टोचते.

कारण नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ही ‘सगळं आत आहे’वाली फाइल स्वतःला उघडण्यासाठी बाहेरच्या लिबफ्यूज-२ या लायब्ररीवर विसंबून होती. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ आलं, त्यात ती लायब्ररी आधीपासून टाकलेली नव्हती. परिणाम काय? माणूस डबल क्लिक करतो आणि काहीही होत नाही. एरर नाही, खिडकी नाही, दिलगिरीही नाही. टर्मिनल उघडून तीच फाइल चालवली तर कळतं की लिबफ्यूज सापडत नाही. टर्मिनल उघडायला लागू नये म्हणूनच हा खटाटोप होता ना? त्यावरची अधिकृत सूचना तर फ्रेम करून लावावी अशी : लिबफ्यूज-२ टाका, पण चुकूनही ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज टाकू नका, सिस्टिम मोडू शकते. पुढे २४.०४ मध्ये त्या लायब्ररीच्या पॅकेजचं नावही बदललं. आता नवा रनटाइम आलाय, त्यात ही गरज उरलेली नाही. पण ॲप करणाऱ्याने फाइल नव्याने बांधली तरच त्याचा उपयोग. जुन्या फाइली जशाच्या तशा मुक्या.

उबुंटू २४.०४ने आणखी एक दार लावून घेतलं. साध्या वापरकर्त्याच्या प्रोसेसने नेमस्पेस तयार करण्यावर ॲपआर्मरची बंधनं आली, आणि ज्यांचा सँडबॉक्स त्याच नेमस्पेसवर उभा आहे अशी, इलेक्ट्रॉन या चौकटीवर बांधलेली कित्येक ॲपइमेज सुरू होतानाच कोसळू लागली. अशा एका ॲपच्या कंपनीला मी लिहिलं. उत्तर दोन ओळींत आलं : ‘नो-सँडबॉक्स’ हा पर्याय लावून चालवा, चालेल. चालेल हो, न चालायला काय झालं! दरवाजा अडकतोय म्हणून बिजागऱ्याच काढून टाकल्या की घरात शिरता येतंच.

पण माझं खरं भांडण लायब्ररींच्या प्रतींशी आहे. सप्टेंबर २०२३ची गोष्ट. लिबवेबपी ही वेबपी चित्रं उलगडून दाखवणारी छोटीशी लायब्ररी. तिच्यात असं भोक सापडलं की मुद्दाम घडवलेलं चित्र नुसतं उघडलं तरी हल्लेखोराचा कोड चालू शकत होता, आणि त्याचा प्रत्यक्ष गैरवापरही सुरू झाला होता. डिस्ट्रोंनी दुरुस्त पॅकेज सोडलं. एकदा अपडेट केलं, मशीन पुन्हा सुरू केलं, की सिस्टिमची लायब्ररी वापरणारी झाडून सारी ॲप्स सुधारली. ज्याने ते पॅकेज बांधलं त्या स्वयंसेवकाचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण त्याचं काम तो चोख करून मोकळा झाला.

आता पाठीवरच्या बिऱ्हाडांकडे बघा. प्रत्येक इलेक्ट्रॉन ॲपच्या पोटात एक अख्खं क्रोमियम आणि त्याच्या पोटात लिबवेबपीची स्वतःची प्रत. (ही खोड इलेक्ट्रॉनची आहे, तेच ॲप डेब म्हणून दिलं तरी सुटत नाही.) ॲपइमेजच्या फाइलमध्ये ती प्रत गोठलेली. डाउनलोड्स फोल्डरमध्ये एकाच ॲपच्या तीन आवृत्त्या पडल्यात, त्यातली कुठली सुरक्षित? बाहेरून बघून सांगता येत नाही. फाइलमध्ये अपडेटची माहिती आणि सही, दोन्ही भरायची सोय या फॉरमॅटमध्ये आहे. पण भरलीच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि भरली तरी फाइल सुरू होताना ती सही कुणी तपासत नाही. मेनूमध्ये आयकॉन आपोआप येत नाही, फाइल काढून टाकली तरी सेटिंग्ज होम फोल्डरमध्ये तशीच. मग यावर व्यवस्थापक निघाले. ‘इन्स्टॉल करायची गरजच नाही’ म्हणणाऱ्या फाइली इन्स्टॉल करणारी ॲप्स! त्यातलं बऱ्यापैकी नीटनेटकं गिअर लिव्हर. आणि ते मिळतं कुठे? फ्लॅटहबवर, फ्लॅटपॅक म्हणून.

फ्लॅटपॅकची बांधणी जास्त शहाणपणाची आहे, हे मान्य करायला हवं. अलेक्झांडर लार्सनने एक्सडीजी-ॲप म्हणून जे सुरू केलं, त्याला २०१६ मध्ये हे नाव मिळालं. सामायिक लायब्ररी रनटाइममध्ये असतात, त्या एका जागी दुरुस्त होतात. पण ज्या रनटाइममध्ये नाहीत त्या ॲपवाला स्वतः भरतो, आणि तिथे पुन्हा तेच रामायण. सँडबॉक्सची जाहिरात जोरात, मात्र कित्येक ॲप्स अख्खं होम फोल्डर वाचायची-लिहायची परवानगी आधीच मागून बसलेली. रनटाइमची मुदत संपली की अपडेटच्या वेळी एक ओळ दिसते, आणि ॲप बिनदिक्कत चालू राहतं. २०२५च्या फेब्रुवारीत ओबीएस स्टुडिओवाल्यांनी फेडोराला कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. फेडोराने स्वतः बांधलेलं ओबीएसचं फ्लॅटपॅक बिघडलेलं होतं, आणि लोक ते अधिकृत समजून तक्रारी घेऊन ओबीएसच्या दारात जात होते. फेडोराच्या बाजूने बोट दाखवलं गेलं ते ओबीएसच्या फ्लॅटहबवरच्या पॅकेजकडे : ते मुदत संपलेल्या रनटाइमवर बसलंय म्हणून. ओबीएसचं उत्तर, नव्या रनटाइममधल्या क्यूटी टूलकिटमध्ये बिघाड आहेत म्हणून थांबलोय. दोघांचंही खरं होतं. वापरणारा मात्र एकाच ॲपच्या दोन ‘सार्वत्रिक’ पॅकेजांमध्ये लोंबकळत राहिला.

स्नॅपबद्दल थोडक्यातच बोलतो, रक्तदाब वाढतो. स्टोअरचा सर्व्हर उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीच्या मुठीत आणि त्याचा कोड बंद. उबुंटू २०.०४ वर ॲप्टने क्रोमियम मागितलं तर हातात स्नॅप ठेवलं जातं, न विचारता. लिनक्स मिंटने याच कारणाने २०२० साली स्नॅपला दारातच अडवलं. आणि एवढ्या कडक मुठीचा फायदा काय झाला? फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सोडस नावाच्या क्रिप्टो वॉलेटची नक्कल स्टोअरमध्ये शिरली आणि एकाचे नऊ बिटकॉइन घेऊन गेली. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं.

यात मराठीत लिहिणाऱ्याची फरफट वेगळीच. भाषा-कीबोर्ड सांभाळणाऱ्या आयबसमधून फोनेटिक कीबोर्ड निवडलाय, वरच्या पट्टीत तसं चिन्हही दिसतंय, आणि पाकिटातल्या ॲपमध्ये ‘नमस्कार’ टाइप केलं की रोमन अक्षरं उमटतात. कारण त्या ॲपबरोबर आलेल्या टूलकिटमध्ये आयबसशी बोलणारं प्लगइन कुणी भरलेलंच नसतं. बांधणाऱ्याला त्याची कधी गरज पडली नाही. तेच ॲप डिस्ट्रोच्या पॅकेजमधून घेतलं तर सिस्टिमचं टूलकिट वापरतं आणि सरळ मराठी लिहितं.

ॲप बांधणाऱ्यांना डिस्ट्रोचा पॅकेजर जाच वाटत होता. तो उशीर करायचा, पॅच लावायचा, प्रश्न विचारायचा. त्याला बाजूला केलंत, ठीक. आता त्याचं काम तुमच्याकडे आलं. आत कुठली लायब्ररी कुठल्या आवृत्तीची आहे त्याची यादी फाइलबरोबर द्या. भोक सापडलं की किती दिवसांत नवी फाइल येईल ते लिहून द्या. जुनी फाइल उघडली तर ती जुनी आहे हे तिनेच स्क्रीनवर सांगू दे. एवढं जमत नसेल तर डिस्ट्रोतलं दोन वर्षं जुनं ॲप मला चालेल. निदान त्याच्या बग ट्रॅकरवर पलीकडे कुणीतरी बसलेलं असतं.