सात चौरस किलोमीटरचा धनेश
उत्तर अंदमानच्या पूर्वेला, शंभरहून अधिक किलोमीटरवर, नारकोंडम हे ज्वालामुखीचे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम 7 चौरस किलोमीटर, माथा मात्र 700 मीटरच्या वर आणि उतारांवर दाट रान. नारकोंडम धनेश हा पक्षी जगात फक्त इथेच आढळतो; संख्या हजाराच्या आसपास.

विणीच्या काळात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. नर बारीक फटीतून तिला फळे भरवतो आणि त्यांच्या बिया रानभर पसरवतो. ढोली धरण्याइतके खोड तयार व्हायला कित्येक दशके लागतात. कोवळे रोप संपवायला शेळीला एक घास पुरतो. 1976 मध्ये इथल्या पोलीस चौकीसाठी शेळ्या आणल्या गेल्या, रानात फोफावल्या आणि त्या हटवण्यात बरीच वर्षे गेली. आणणे सोपे होते!

तटरक्षक दलाच्या रडारला पर्यावरण मंत्रालयाने 2012 मध्ये नकार दिला, 2014 मध्ये होकार. सागरी सीमेवर नजर हवीच, त्यावर वाद नाही. पण रडारसोबत रस्ता येतो, डिझेल येते, सामानाच्या खोक्यांतून नको ते जीव आणि तणाचे बीही येऊ शकते. उतरणाऱ्या प्रत्येक खोक्याची तपासणी आणि धनेशांची दरवर्षी स्वतंत्र मोजणी, हे दोन्ही बंधनकारक करून त्यांचे आकडे लोकांसमोर ठेवले पाहिजेत. इथला धनेश संपला, तर दुसरीकडून आणून सोडायला तो कुठेच नाही.